डाव्या फळीतलं दार

सासूबाई पहिल्यांदा पडल्या त्या मांजरीमुळे. हे मी रागाने लिहीत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी कशा पडल्या म्हणून विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

वसमतच्या आमच्या घराचं पुढचं दार सागवानी, दोन फळ्यांचं. उजवी फळी उघडायची. डावी वरखाली खिट्ट्या लावून कायमची बंद. कडी वर, चौकटीच्या माथ्याशी. सासूबाई बुटक्या, त्यामुळे कडीला हात पुरवायला त्या उंबऱ्यावर उभ्या राहायच्या. उंबऱ्यावर उभं राहू नये हे त्यांनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोनदा ऐकवलं होतं. त्या दुपारी बाहेर त्यांची पाळलेली मांजर ओरडत होती. ह्या उंबऱ्यावर चढल्या, कडी काढली, फळी झटक्यात आत आली आणि ह्या तिच्यासोबत मागे आल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता पडू द्यायचं नाही, दुसऱ्यांदा हे हाड जोडता येणार नाही.

पडू द्यायचं नाही, हे सांगायला सोपं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा शिरड शहापूरकडच्या रस्त्याला, फाट्यावर उतरून आत चालत जायच्या गावात. सकाळची एसटी चुकली की काळी-पिवळी जीप, आणि जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलायचा नाही. शाळेत आम्ही दोनच शिक्षक. मी नाही आले तर निम्म्या शाळेला सुट्टी. ऑपरेशनपासून सासूबाई काठीवर उभ्या राहीपर्यंत माझ्या साठलेल्या सगळ्या रजा संपल्या होत्या. हजर झाले त्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, आता पुढची रजा बिनपगारी. आणि तीही मिळेल असं धरून चालू नका. जिल्हा नवा झालाय, तुमच्या जागेवर पाठवायला वर माणूस नाही.” ते वाईट माणूस नव्हते. खरं तेच सांगत होते.

मिस्टर शेती बघायचे. शेत गावाबाहेर, हळदीचं. हळदीला कधी भाव असायचा, कधी नसायचा. माझा पगार महिन्याला यायचा आणि त्यावर परभणीच्या वसतिगृहातला मुलगा, घर, औषधं असं सगळं चालायचं. तेव्हा हिशेब सरळ होता. सासूबाई पुन्हा पडल्या की माझी नोकरी गेली.

नणंद कळमनुरीला दिलेली. ती न्यायला तयार होती, जीप घेऊन आलीही होती. सासूबाईंनी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं नाही, एवढंच म्हणाल्या, आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

मी मग मांजरीवरून सुरुवात केली.

“मामी, ती मांजर ताईंकडं देऊन टाकू. त्यांच्याकडं उंदीर लई झालेत.”

“मांजर देतेत का कोनी? मांजर घर सोडून जात न्हाई. मलाच देऊन टाक.”

“तुमी तरी कुठं जाताव?”

“तेच म्हनून राहिले,” म्हणाल्या आणि चंची उघडून सुपारी कातरायला लागल्या.

बाहेरून कुलूप लावून जायचंही करून पाहिलं. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी होता. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या खिडकीच्या जाळीला तोंड लावून गल्लीला सांगू लागल्या, “माझी सून मास्तरीन हाय. लोकाच्या लेकरायला शिकवती अन् मला कोंडून जाती!” दोन दिवसांत सगळ्या गल्लीला माहीत झालं. कुलूप काढलं. त्यापेक्षा पुढचं दार आतून लावून मी मागच्या दाराने निघायला लागले. मागचं अंगण शेजारच्या काकूंचं आणि आमचं एकच, आणि काकू रोज दुपारी येऊन भाकरी देऊन जायच्या. म्हणजे सासूबाईंना दिवसभरात उठायचं काही कारण उरलं नव्हतं. मांजरीशिवाय.

मांजर पुढच्याच दाराने यायची. तिला दुसरी वाट माहीत नव्हती, आणि होतीच कुठे? खिडक्यांना आम्ही बारीक जाळी ठोकून घेतली होती, कारण एका उन्हाळ्यात चोरांनी गजांतून काठी घालून दांडीवरच्या माझ्या दोन साड्या आणि मिस्टरांची पँट ओढून नेली होती. दार उघडं टाकावं तर गल्लीतली कुत्री आणि शेळ्या. खालच्या अंगाला नवीन खिट्टी बसवून घेतली, तरी पलंगापासून दारापर्यंत चालत जायचं होतंच. पलंगच दाराशी सरकवू म्हटलं तर “अजून मेले न्हाई मी” हे उत्तर आलं. मांजर दिवसातून किती वेळा आत-बाहेर करते ते ज्यांनी पाळलीय त्यांना सांगायला नको. आत आली की तिला बाहेर जायचं असतं.

दाराला भोक पाडायची कल्पना माझी. शाळेत तांदूळ ठेवायच्या खोलीचं दार खालून कुजून त्याला भसका पडला होता. मी ते दुरुस्त करून घ्या म्हणून मागे लागले होते. तोवर गावातली एक मांजर त्यातून ये-जा करू लागली आणि तांदळातल्या उंदरांच्या लेंड्या कमी झाल्या. ते बघून मला वाटलं, आपण हे मुद्दाम का करू नये. मागच्या दाराला केलं असतं, पण मागे मोरी, आणि मोरीत घुशी. तिकडून काय काय आत आलं असतं ते सांगता येत नाही.

सुतार आठवडाभर उद्या-उद्या करून शेवटी श्रावणात एका रविवारी आला. ऐकून घेतलं आणि हसला.

“मांजरीला दार? उद्या उंदराला खिडकी सांगताल, बाई.”

“आधी दार करा. खिडकीचं उद्या बघू.”

तो उजव्या फळीशी बसला तशा सासूबाई पलंगावरून ओरडल्या, “त्या फळीला हात लावू नको. त्या फळीतून लक्षुमी येती.” दर दिवाळीला त्या उजव्या फळीच्या खालच्या अंगाला कुंकवाची पावलं काढायच्या. सुताराने मान डोलावली. “आजीचं बराबर हाय. चालती फळी हालते, खालून घासते. बंद फळी चांगली.” मिस्टरही म्हणाले, बंद फळीच चांगली. मलाही पटलं. चौघांचं एकमत झालं, आमच्या घरात असं फार वेळा होत नाही.

“केवढं पाडू?”

सासूबाईंनी पलंगावरूनच हवेत माप दाखवलं. “वीतभर रुंद. उंचीला वीत अन् चार बोटं.”

“येवढं मोठं?”

“गाभन राहिली तर? पोट घरी ठिवून येईल काय?”

“अजून मोठं सांगू नका आजी, न्हाई तर चहाच्या टायमाला मीच त्याच्यातून येईन.”

त्याने गिरमिटाने कोपऱ्यात भोकं पाडली, करवतीने कापलं, कडा घासून दिल्या. कापलेला तुकडाच बिजागऱ्यांवर उलटा टांगला. दिसायला सुरेख झालं. मांजरीने मात्र त्याला डोकं लावलं, तो जड तुकडा हलला नाही, आणि ती पूर्वीसारखी दाराशी बसून ओरडायला लागली. सागवान म्हटल्यावर ते मांजरीच्या डोक्याने उघडावं अशी अपेक्षाच चूक होती. सुतार पुन्हा यायला बरेच दिवस लागले. त्याने लाकूड काढून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी वरून ठोकला. रबर लोंबकळत राहिलं. आतून-बाहेरून, कुठूनही ढकललं की वाकायचं.

हे मांजरीला कळवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. एक अख्खा रविवार त्यात गेला. मला आठवड्यात तो एकच वार, धुणं-निवडणं-दळणाचा. मी आतून दुधात कुस्करलेली भाकर घेऊन भोकाशी उकिडवी बसलेली, मिस्टर बाहेर ओट्यावर पालथे पडून मांजरीला ढकलतायत. ती मागे वळून त्यांच्या हाताला बोचकारतेय. रस्त्याने जाणारा कोणीतरी थांबला.

“काय हरवलं का काय?”

“न्हाई हो. मांजरीला शाळा शिकवून राहिलो.”

“मग तुमी काहून? बाईला बसवा की तिकडून. त्यायची नौकरीच हाय ती.”

“बाई आतून वर्ग घेऊन राहिल्या,” मिस्टर म्हणाले.

पलंगावर सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला हसू येत नव्हतं, माझी कंबर दुखत होती. संध्याकाळी, आम्ही दोघांनी नाद सोडून चहा घेतला तेव्हा, मांजर आपली आपण आत आली आणि थेट पलंगावर गेली.

त्यानंतर काही महिने बरे गेले. बरे म्हणजे काय, तर मी संध्याकाळी मागच्या दारातून आत आले की आधी पलंगाकडे बघायची, पाय दोन्ही जागेवर दिसले की चपला काढायची. काकूंना विचारायची, “उठल्या होत्या का?” काकू म्हणायच्या, “कशाला उठतेत? राणीवानी पडल्यात.” रबर फडफडलं की सासूबाई बसल्या जागेवरून मांजरीची हजेरी घ्यायच्या. “आल्या का बाई गावचं करून? कुनाच्या घरी जेवल्या?” पण उठायच्या नाहीत. एसटीत मला अधूनमधून झोप लागायला लागली. आधी मी त्या गाडीत कधी झोपले नव्हते.

तोटेही होते. भोक आमच्या मांजरीसाठी आहे हे इतरांना कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीतला एक बोका दूध पिऊन जायला लागला. मोठ्या डोक्याचा, एक कान फाटका, माझ्याकडे अशी नजर टाकायचा की घर त्याचं आणि मी कामाला. मी दुधावर दगडी पाटा ठेवायला लागले. पण बोका नुसता दुधासाठी येत नव्हता, हे पुढे दिसलं. हळद काढणीच्या सुमाराला पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या जुन्या साड्यांवर, मांजरीने पिल्लं घातली. सासूबाईंनी मला पेटीच्या जवळ जाऊ दिलं नाही. “वल्या बाळतिनीला तरास देऊ नको.” साड्या गेल्या त्या गेल्याच.

हळदीचा हंगाम म्हणजे घरात कोणी कोणाला नीट दिसत नाही. काढणी, मग शिजवणं, मग वाळवणं, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. मिस्टर शेतातच जेवायचे, कधी शेतातच झोपायचे. मी पहाटे डबे करून, सासूबाईंना आंघोळ घालून, एसटी धरायची. त्याच दिवसांत शाळेच्या वार्षिक परीक्षा. अंगात कणकण असली तरी ती कणकण आहे का नुसता थकवा हे तपासायला वेळ नसायचा.

त्या दिवशी काकू लग्नाला जाणार होत्या, म्हणून मी भाकरी, पिठलं आणि पाण्याचा तांब्या पलंगाच्या उशाशी झाकून ठेवून निघाले. निघताना रोजच्यासारखं म्हटलं, “मामी, उठायचं न्हाई.”

“न्हाई उठत, जा.”

मी गेल्यावर मिस्टर हळदीची शेवटची खेप घेऊन आले. पुढचं दार हमालांसाठी उघडलं. हमाल दरवर्षीचे, त्यांना काही सांगावं लागत नाही. पोत्यांची थप्पी भिंतीला लावायची, आणि उरलेली पोती डाव्या फळीला टेकून उभी करायची. डावी फळी उघडत नाही, म्हणून तिच्याशी पोती. आमच्या घरात त्या फळीचा तेवढाच उपयोग होता आणि वर्षानुवर्षं होता. ते मलाही माहीत होतं, मिस्टरांनाही, सासूबाईंनाही. पण भोक पाडलं ते श्रावणात, पुढची खोली मोकळी असताना. हळदीच्या घरात सुतारासकट आम्ही चौघं त्या फळीकडे बघत होतो आणि एकाच्याही डोक्यात हळद आली नाही.

हमालांनी पोती लावली आणि गेले. मिस्टर ड्रमवाल्याचं राहिलेलं उरकायला लगेच परत गेले, जाताना पुढचं दार आतून लावून मागून निघाले. सासूबाईंनी पोती कुठे लावली ते पाहिलं नाही. बाहेरची माणसं खोलीत आली की त्या पदर ओढून भिंतीकडे तोंड करून पडायच्या, आजारपणातही. मांजर तेव्हा बाहेर होती.

संध्याकाळी मी मागच्या दारातून आत आले आणि पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा.

काय वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. एवढं आठवतं की डोक्यात पहिल्यांदा शाळा आली, त्यानंतर सासूबाई.

“हिकडं हाय,” आवाज आला. “तिथंच थांब. पाय टाकू नको. घसरशील.”

पुढच्या खोलीभर हळकुंडं पसरली होती. दारापासून पलंगापर्यंत फरशी दिसत नव्हती. आणि त्या पसाऱ्याच्या पलीकडे, दाराशी, एका आडव्या पोत्यावर सासूबाई बसल्या होत्या. काठी मांडीवर, शेजारी अडकित्ता आणि पितळी वाटी. कोपरापर्यंत हात पिवळे, लुगडं पिवळं, नाकाचा शेंडा पिवळा. त्यांच्यापुढे एक पोतं अर्धं रिकामं होऊन बाजूला कलंडलं होतं, त्याच्या मागे रबर दिसत होतं. त्यांच्या पायाशी मांजर आडवी पडून पिल्लांना पाजत होती. तीही पिवळी, पिल्लंही पिवळी.

“मामी! काय करून ठेवलंय हे?”

“ओरडू नको. पिल्लं पिऊन राहिली.”

“तुमी उठलाव!”

“उठल्याबिगर कसं व्हईल? ती भाईर डोकं आपटू-आपटू राहिली. रबर पोत्याला चिकटलं. लेकरं पेटीत रडून राहिली. काकूला हाक मारली, ती लग्नाला. मंग काय करू? लेकरू रडतंय अन् मी पडून राहू?”

“उजवी फळी उघडायची होती मग! खिट्टी खाली हाय की!”

“उघडली. ती येत न्हाई उजवीतून. तूच शिकविलं तिला, तिथंच जाऊन बसती अन् तिथूनच ओरडती. भोकातूनच यायचं म्हनती.” आणि वर म्हणाल्या, “शाळा लई पक्की केली तू तिची.”



त्यांनी केलं होतं ते असं. काठीने दारापर्यंत गेल्या. उजवी फळी उघडून पाहिली, लावली. पोतं हलवायची ताकद नाही. परत पलंगाशी येऊन अडकित्ता आणि वाटी घेतली, पेटीतली पिल्लं पदरात घेतली, पुन्हा दाराशी जाऊन आडव्या पोत्यावर बसल्या. अडकित्त्याने पोत्याच्या तोंडाची सुतळी कातरली आणि वाटीवाटीने हळद बाजूला टाकत राहिल्या. पोतं खाली बसेपर्यंत. मग काठी घालून त्याला कलतं केलं. मांजर आत आली. तोवर फरशीवर इतकी हळकुंडं झाली होती की परत पलंगाकडे जायला जागा नव्हती. हळकुंडावर पाय पडला की ते फिरतं, हे हळदीच्या घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

“दुपारपासून इथंच?”

“मंग कुठं जाऊ? उठले असते तर पडले असते. म्हनून बसले. तू म्हनती ना उठू नको, उठू नको. न्हाई उठले मी. तहान लागली, तांब्या तिकडं. भाकर तिकडं. तरी न्हाई उठले.”

मी बॅग टेकवली, पदर खोचला आणि झाडू घेतला. पलंगापासून सुरुवात करून हळद दोन बाजूंना सारत त्यांच्यापर्यंत गेले. हात धरून उभं केलं. पाय अवघडले होते, त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं, आणि माझं वजन दिवसभराचं माझ्यावर होतंच. पलंगावर बसवलं. पाणी दिलं, त्या गटागट प्यायल्या. मग पिल्लं मागितली. पिल्लंही आणून दिली.

अंधार पडताना मिस्टर आले. दारात उभे राहून बघत राहिले.

“पोतं काहून फोडलं?”

“तू काहून लावलं?” सासूबाई म्हणाल्या.

“माय, ते हमालानं—”

“हमालानं लावलं. अन् तू उभा होता तो कोन?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळद पोत्यात भरत होते. म्हटलं, “आज त्या पडल्या नाहीत. त्यांच्या अकलेनं पडल्या नाहीत, आपल्या नाही. आता ही पोती इथून उचला.”

“कुठं उचलू? भाव येईपर्यंत ठिवायची कुठं? मागं वल हाय.”

“आपल्या खोलीत.”

“अन् आपन?”

“पोत्यावर.”

ते हसले, मी नाही. त्या संध्याकाळी दाराजवळची उभी पोती आम्ही दोघांनी ओढत आमच्या खोलीत नेली. हमाल बोलवायला थांबले असते तर उद्यावर गेलं असतं, आणि उद्या मला शाळा होती. भाव येईपर्यंत आम्ही हळदीच्या भिंतीआड झोपलो. शाळेतल्या मुली माझ्या शेजारी बसायला आल्या की हळदीचा वास हुंगायच्या.

पण पोती हलवून काम संपलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी झाडताना कळलं होतं. मी इतके महिने त्यांना उठू द्यायचं नाही म्हणून खटपट केली. खिट्टी खाली घेतली, भोक पाडलं, रबर लावलं. आणि त्या उठणारच होत्या. आज पोतं होतं, उद्या आणखी काही असेल. दुधावर बोका येईल, दारावर कोणी हाक मारेल, पिल्लू पेटीतून बाहेर पडेल. दिवसभर पडून राहायला सांगितलेलं माणूस काहीतरी शोधून उठतंच. मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले असते, आणि बहुतेक दुपारच्या आधीच. तेव्हा उठू नका म्हणणं बंद करायचं ठरवलं. ते बोलून मी थकलेच होते.

रविवारी मिस्टरांना शेतातून तुषार संचाचे जुने लोखंडी पाईप आणायला लावले. पलंगापासून पुढच्या दारापर्यंत भिंतीला, सासूबाईंच्या कंबरेच्या उंचीला, ते क्लॅम्प मारून घट्ट बसवले. तिथून वळवून मोरीपर्यंत. माप घ्यायला त्यांनाच उभं केलं. “वर घे. खाली घे. मी काय लेकरू हाय का?” असं करत त्यांनी मिस्टरांकडून तीन भोकं जास्त पाडून घेतली. प्लास्टरचे खपले पडले, भिंत वाईट दिसायला लागली. पाईप मात्र मी लोंबकळून पाहिला तरी हलला नाही.

“हे कशाला?” त्यांनी विचारलं.

“धरून चाला. पायजे तेवढं उठा.”

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मला वाटतं, मी आता मांजरीसारखंच त्यांनाही काहीतरी शिकवतेय असा त्यांना वास आला.

“अन् पडले तर?”

“पडलात तर मी घरी बसेन. दोघी मिळून मांजरीला आत-बाहेर करू.”

“नको माय,” त्या लगेच म्हणाल्या. “दिवसभर तू घरात? मी धरून चालते.”

सोमवारी परीक्षेचे गठ्ठे घेऊन संध्याकाळी घरी आले. सासूबाईंना बघायला पलंगापर्यंत जावं लागलं नाही. मागच्या अंगणात काकूंसोबत उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात बसून शेंगा फोडत होत्या, मोरीपर्यंत पाईप धरून एकट्या बाहेर आल्या होत्या. आत भिंतीवरच्या पाईपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचं धुतलेलं लुगडं वाळत घातलेलं. मी ते धरायच्या जागेवरून एका कडेला सरकवलं, गठ्ठे टेबलावर टाकले आणि पेपर तपासायला बसले.